पाच मात्रांचा पियानो : ‘टाइम आउट’बद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच जॅझ रेकॉर्डभोवती फिरत होते : डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटची ‘टाइम आउट’. जॅझची नेहमीची चार मात्रांची चाल सोडून विषम ताल वाजवून पाहणारी ही रेकॉर्ड. म्हणून हा पूर्ण स्तंभ तिलाच दिला आहे. कलाकार चार : पियानोवर डेव्ह ब्रुबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, डबल बेसवर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीसाठी १९५९च्या जून ते ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि त्याच डिसेंबरमध्ये तबकडी बाजारात आली. निर्माता टीओ मॅसेरो.

प्रश्न : आज ‘टाइम आउट’ जॅझच्या प्रत्येक यादीत असते. पण ती आली तेव्हा समीक्षकांनी तिला झोडपलं होतं, असं वाचलं. त्यांचं नेमकं म्हणणं काय होतं? आणि ते चुकीचं होतं का? — वाचक, नाशिक

उत्तर : सर्वांत गाजलेलं परीक्षण ‘डाउन बीट’ या अमेरिकन जॅझ मासिकातलं. एप्रिल १९६०मध्ये आयरा गिटलरने पाचपैकी दोन तारे दिले. हे तालांचे खेळ कंटाळवाणे आहेत आणि ब्रुबेकला गंभीर जॅझवादक म्हणून उगाच फार दिवस मिरवलं गेलं, असा त्याचा सूर होता.

गिटलर एकटा नव्हता. ब्रुबेकवर त्या काळात तीन आक्षेप सतत घेतले जात, आणि तिन्ही वेगवेगळे तपासायला हवेत. एकत्र केले की भांडण नुसतं ‘आवडलं-नावडलं’वर येऊन थांबतं.

पहिला आक्षेप हाताचा. ब्रुबेकचा पियानो झुलत नाही, म्हणजे त्यात जॅझचा ‘स्विंग’ नाही. तो कॉर्डचे, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांचे, ठोकळे आपटतो. यात तथ्य आहे. ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ लावा आणि सॅक्सोफोनचा सोलो संपून पियानोचा सुरू होतो तिथे कान द्या. आरंभी तो मोजके, ब्लूजच्या वळणाचे सूर वाजवतो. ते छान आहे. थोड्या वेळाने दोन्ही हात एकत्र येतात, एकेका सुराऐवजी पाच-सहा सुरांचे गठ्ठे पडायला लागतात, आवाज चढतो आणि ओळ हरवते. ब्रुबेक मिल्स कॉलेजात दारियुस मियो या फ्रेंच रचनाकाराकडे शिकला होता. एकाच वेळी दोन स्वरपट्ट्या वाजवण्याची ओढ तिथलीच. ज्याला बड पॉवेल या जॅझ पियानोवादकासारखी धावती, एकेरी ओळ ऐकायची सवय आहे त्याला हे जड वाटणारच. तो दोष मानायचा की शैली, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला विचाराल तर सोलोचा पहिला अर्धा भाग शैली आहे, दुसरा अर्धा सवय.

दुसरा आक्षेप : विषम ताल ही नुसती क्लृप्ती आहे. इथे गिटलरला अर्धे गुण द्यावे लागतात, आणि त्याचं कारण बहुतेक लोक सांगत नाहीत. ‘ब्लू रोंडो’ची धून नऊ मात्रांची आहे, पण सोलो सुरू झाले की चौघेही सरळ चार मात्रांच्या ब्लूजमध्ये उतरतात. नऊ मात्रा दाराशी ठेवून आत चहा प्यायला जावं तसं. ‘स्ट्रेंज मेडो लार्क’ मुक्त लयीतल्या एकट्या पियानोने सुरू होते आणि मग चारच मात्रांत चालते. तिच्यात गंमत असलीच तर दहा-दहा बारच्या (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन) ओळींची आहे, मात्रांची नाही. म्हणजे अल्बमच्या नावात जो प्रयोग आहे तो पहिल्या बाजूच्या तीनपैकी एकाच रचनेत शेवटपर्यंत निभावला जातो : ‘टेक फाइव्ह’. दुसऱ्या बाजूला ‘थ्री टू गेट रेडी’ मात्र प्रामाणिक आहे. तिथे दोन बार तीनचे, दोन बार चारचे असं आळीपाळीने चालतं आणि सोलोतही ते सुटत नाही.

शिवाय चार सोडून वाजवणारा ब्रुबेक पहिला नव्हताच. पियानोवादक फॅट्स वॉलरचा ‘जिटरबग वॉल्ट्झ’ (वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच) १९४२चा. ड्रमर मॅक्स रोचने १९५७मध्ये सबंध अल्बम तीन मात्रांत केला होता. ‘जॅझला चारच्या पिंजऱ्यातून सोडवणारी पहिली रेकॉर्ड’ असं कुणी लिहिलं असेल तर ते सोडून द्या.

तिसरा आक्षेप संगीताबद्दल नव्हताच, खपाबद्दल होता. ब्रुबेकची चौकडी कॉलेजांमधून वाजवून मोठी झाली. ८ नोव्हेंबर १९५४च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं. न्यूयॉर्कच्या क्लबांत वर्षानुवर्षं कमी पैशांत वाजवणाऱ्यांना आणि त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांना हे खटकलं, आणि तो राग परीक्षणांत पाझरला.

ज्यावर लिहायला हवं होतं ते राहून गेलं : मोरेलोचे ड्रम्स आणि डेझमंडचा सॅक्सोफोन. ही पियानोवादकाची रेकॉर्ड म्हणून तोलली गेली. पण तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध रचना पियानोवादकाची नाही, आणि त्या रचनेत पियानोचा सोलोही नाही. ‘टेक फाइव्ह’ डेझमंडची. धुनेचा मधला भाग सोडला तर ब्रुबेक तिच्यात दोन कॉर्ड धरून बसतो. परीक्षणकर्त्यांनी ब्रुबेकचे हात मोजले आणि त्या रचनेत ते हात मुद्दाम मागे थांबले आहेत हे सोडून दिलं.

प्रश्न : मी हार्मोनियम वाजवते, थोडा पियानोही. ‘टेक फाइव्ह’चा ठेका धरायला गेले की चौथ्या-पाचव्या आवर्तनाला चुकतेच. झपतालाची सवय आहे तरी असं का होतं? — वाचक, सांगली

उत्तर : झपतालाची सवय आहे *म्हणूनच* होतं. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो. म्हणजे पाचाचा तुकडा २+३. ‘टेक फाइव्ह’ ३+२ आहे. पाचांची बेरीज तीच, पण जोर पडतो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. तुमचा हात तिसऱ्या मात्रेवर जोर द्यायला जातो, कॉर्ड बदलते चौथीवर, आणि दोन-चार आवर्तनांत दोघांची फारकत होते.

आधी वाद्य बाजूला ठेवा. तोंडाने म्हणा : एक-दोन-तीन, एक-दोन. ‘पाच’पर्यंत मोजू नका, दुसरा ‘एक’ हाच चौथ्या मात्रेचा जोर. टाळी दोन्ही ‘एक’वर. हे न अडखळता दोन मिनिटं जमलं की वाद्याकडे वळा.

ही रचना ई-फ्लॅट मायनरमध्ये आहे. हार्मोनियमच्या भाषेत सा म्हणजे काळी दोन. डाव्या हाताने, किंवा हार्मोनियमवर नुसत्या खर्जाच्या सुराने, पहिल्या मात्रेला काळी दोन आणि चौथ्या मात्रेला काळी पाच. बेसवर राइटचा मुख्य आधार हाच. मग कॉर्ड. पहिल्या तीन मात्रा काळी दोन, काळी तीन, काळी पाच. पुढच्या दोन मात्रा काळी पाच, वरची काळी एक आणि वरची पांढरी चार. दुसऱ्या कॉर्डमध्ये वरची काळी चार मिळवली तर रेकॉर्डच्या रंगाच्या आणखी जवळ जाल.

लय सावकाश वाढवा. रेकॉर्डवर मात्रांची गती मिनिटाला साधारण १७०च्या आसपास आहे. ८०वर सुरू करा, दहा-दहाने चढा. १२०च्या आसपास एक नवी चूक येते : पाचव्या मात्रेनंतर हात श्वास घेतो आणि नकळत सहावी मात्रा तयार होते. ३+३ झालं की तो वॉल्ट्झ झाला. उपाय असा की पाचव्या मात्रेचा सूर थोडा तोडून वाजवा, लांबवू नका. लांबवलेला सूरच सहावीला जागा करून देतो.

शेवटची परीक्षा मेट्रोनोमची. ॲपवर ३४ लावा आणि प्रत्येक टिक म्हणजे सम असं समजा. चौतीस पंचे एकशे सत्तर, म्हणजे रेकॉर्डची गती. मधल्या चार मात्रा तुमच्या तुम्ही भरायच्या. लाकडी मेट्रोनोम बहुधा चाळीसच्या खाली जात नाही, त्यामुळे ॲपच लागेल.

आणि ‘झुलणं’. मात्रेचे दोन भाग करताना ते समान करू नका. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला आणि तिसरा वाजवा. दादऱ्यातली डौलदार चाल अंगात असेल तर हे पटकन येतं. समान भाग केले की सगळं बरोबर असूनही रचना शाळेच्या कवायतीसारखी ऐकू येते. सोबतीला तबला असेल तर ‘धा धीं ना, धा ना’ असा साधा पाच मात्रांचा ठेका पुरेसा आहे; खाली दाखवायच्या फंदात पडू नये, मूळ रचनेत ती कल्पनाच नाही.

सोलो घ्यायचा असेल तर तुम्हाला एक सोय आहे. काळी दोन सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी मिळतात. धानीचे सूर. दोन्ही कॉर्डवर ते बिनधोक चालतात. त्यात मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये तीव्र मध्यम, म्हणजे पांढरी सहा, घसरता स्पर्श म्हणून वापरा. डेझमंडच्या धुनेत तो आहे. त्याच्यावर थांबू मात्र नका. मधल्या भागात धून वेगळ्या कॉर्डवरून फिरते आणि तिथे धानी पुरत नाही. पण रेकॉर्डवर सोलो त्या मधल्या भागावर नाहीतच, दोन कॉर्डवरच आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : ‘टेक फाइव्ह’मधला ड्रम सोलो इतका सावकाश, इतका मोकळा का? मला तो अर्धवट वाटतो. ड्रमर म्हणजे तडतडाट ना? — वाचक, पणजी

उत्तर : तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकला असेल तर उत्तर तुमच्याकडेच आहे. तिथे हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते : एकच ओळ, पुन्हा पुन्हा, न बदलता. तबलजी सम सोडून कितीही लांब गेला तरी श्रोत्याला घर दिसत राहतं. ‘टेक फाइव्ह’मध्ये पियानो आणि बेस हेच करतात. सोलोभर ते दोन कॉर्ड चालूच राहतात. डेझमंडच्या डोक्यातही ही रचना मोरेलोच्या सोलोसाठीच होती. मोरेलो मैफिलींत पाच मात्रांवर खेळायचा, त्यावरून ती सुचली. दोन वेगळ्या धुना डेझमंडने आणल्या आणि त्या एकामागे एक कशा जोडायच्या हे ब्रुबेकने ठरवलं.

लेहरा चालू असताना ड्रमरला सारखं समेवर येऊन दाखवायची गरज उरत नाही. म्हणून मोरेलो जागा सोडतो. साधारण दोन मिनिटांच्या सुमारास सुरू होणारा सोलो हातात घड्याळ घेऊन ऐका : आधी लहान वाक्यं, मग मोठा पायाचा ड्रम आणि टॉमटॉम यांचे एकेक ठोके, त्यांच्यामध्ये रिकाम्या मात्रा. ते ठोके पियानोच्या चौथ्या मात्रेच्या पुढे-मागे पडतात. तुम्ही पियानो मोजायचं सोडलंत तर सोलो अर्धवट वाटणार. एकदा तोंडाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन’ चालू ठेवून ऐका, मग सांगा.

या मोकळेपणाला खोलीचीही साथ आहे. कोलंबियाचा ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे जुनं चर्च होतं. छत शंभरेक फूट उंच. तिथे घाईने वाजवलेले ठोके एकमेकांवर चढतात. मोकळा ठोका मात्र फुलून वर जातो आणि परत येतो. त्याच खोलीत त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि मेमध्ये चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह उम’ मुद्रित झाला होता. सहा महिन्यांत तीन रेकॉर्डी. मिंगसची निर्मितीही मॅसेरोचीच.

प्रश्न : त्यांनी हे एका दमात वाजवलं असेल ना? इतकं सहज वाटतं. — वाचक, लातूर

उत्तर : नाही. २५ जूनला ‘टेक फाइव्ह’चे वीसेक प्रयत्न झाले आणि सोडून द्यावे लागले, कुणी ना कुणी मात्रा हरवत होता. १ जुलैला जमलं. २०२०मध्ये ब्रुबेक कुटुंबाने ‘टाइम आउटटेक्स’ नावाने त्या सत्रांतले बाजूला पडलेले टेक काढले. त्यांत मोरेलोचा ठेका वेगळा आणि जरा अवघडलेला आहे. सांगलीच्या वाचकाने तो जरूर ऐकावा. जगातले चार उत्तम वादक नेमके कुठे घसरतात ते कळतं.

प्रश्न : ‘ब्लू रोंडो’ नऊ मात्रांची म्हणता, पण मला तीन-तीन-तीन मोजता येत नाही. आणि ब्रुबेक मुंबईत येऊन गेला होता, तर हे विषम ताल त्याने आपल्याकडून घेतले का? — वाचक, मुंबई

उत्तर : तीन-तीन-तीन मोजलंत तर चौथ्या बारलाच बरोबर येईल. पहिले तीन बार २+२+२+३ आहेत, चौथा ३+३+३. बोलून पाहा :

तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तक तक तक तकिट
तकिट तकिट तकिट

छत्तीस मात्रांचं हे एक चक्र. चौथ्या ओळीतला बदल चुकला की पुढच्या चक्राची सुरुवात डोक्यावर आपटते. सराव करताना ‘तक’ आणि ‘तकिट’मधलं प्रत्येक अक्षर सारख्याच वेगाने यायला हवं, ‘तकिट’ घाईने दोन मात्रांत कोंबला जातो ही नेहमीची चूक. नंतर धून आणि सोलो यांच्या सांध्यावर दोन बार नऊचे, दोन बार चारचे अशी अदलाबदल होते. तिथे पायाने ताल धरू नका, पाय फसवतो. नऊच्या बारांत बोल म्हणा आणि चारच्या बारांत चुटकी वाजवा.

आता दुसरा भाग. १९५८मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने क्वार्टेटला लांबच्या दौऱ्यावर पाठवलं : पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. मुंबईत सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रुबेकने वाजवलं. त्या प्रवासावर बेतलेल्या आधीच्या अल्बमात ‘कॅलकटा ब्लूज’ नावाची रचना आहे. म्हणजे कानावर आपले ताल पडले, हे निश्चित.

पण ‘ब्लू रोंडो’चा धागा इस्तंबूलचा आहे. तिथल्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने २+२+२+३ ऐकला. त्या भागातल्या लोकनृत्यांत तो रोजचा आहे. मोझार्टच्या तुर्की धाटणीच्या रोंडोवर नावात कोटी केली आहे, ताल मात्र मोझार्टचा नाही. आणि ‘टेक फाइव्ह’ला झपतालाची बहीण म्हणणं म्हणजे उगाच नातं जोडणं. आवर्तन, खाली-भरी, समेवर येण्याची धडपड यांतलं काहीच तिथे नाही. उलट्या दिशेचा प्रवास मात्र खरा आहे : २०११मध्ये लाहोरच्या सचल स्टुडिओज ऑर्केस्ट्राने सतार-तबला घालून ‘टेक फाइव्ह’ केलं आणि म्हाताऱ्या ब्रुबेकने त्याचं मनापासून कौतुक केलं.

प्रश्न : समीक्षकांनी नाकारलेली रेकॉर्ड मग खपली कशी? कंपनीने जाहिरात केली असणार. — वाचक, न्यू जर्सी

उत्तर : उलट, कंपनीच्या विक्री विभागालाच ती नको होती. तीन तक्रारी होत्या. लोकांच्या ओळखीचं एकही जुनं गाणं नाही, सगळ्या नव्या रचना. नाचता येणार नाही असे ताल. आणि मुखपृष्ठावर वादकांच्या फोटोऐवजी एस. नील फुजिता यांचं अमूर्त चित्र. अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन मागे उभे राहिले म्हणून ती निघाली, तेही सौदा करून : आधी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या परिचित गाण्यांचा ‘गॉन विथ द विंड’ हा अल्बम करून द्यायचा. तो त्याच वर्षी आला.

खपाचं खरं कारण लहान तबकडी. ‘टेक फाइव्ह’ची मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी १९५९मध्ये निघाली तेव्हा कुणी विचारलं नाही. १९६१मध्ये पुन्हा काढली. रेडिओसाठी तिची लांबी जवळजवळ निम्म्यावर आणलेली होती. म्हणजे ज्यासाठी रचना जन्मली तो ड्रम सोलोच बराचसा कापलेला! ती अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २५व्या आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्या जोरावर अल्बम १९६१मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. दहा लाख प्रती खपणारा पहिला जॅझ अल्बम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

मान्यता नंतर आली. २००५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत तो गेला, २००९मध्ये ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये. ऑलम्युझिकसारख्या संदर्भस्थळावर त्याला पाचपैकी पाच तारे आहेत. पण सूचीत जाणं म्हणजे परीक्षण नव्हे. गिटलरच्या दोन ताऱ्यांत निदान कशाला आणि का नाही म्हणतो ते सांगितलेलं होतं. आजच्या पाच ताऱ्यांत पुष्कळदा ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ एवढंच असतं.

प्रश्न : ब्रुबेकवरची टीका तो गोरा होता म्हणून झाली का? — वाचक, पुणे

उत्तर : काही अंशी, आणि त्यामागे कारण होतं. काळ्या संगीतकारांनी उभ्या केलेल्या कलेत मुखपृष्ठ आणि पैसा गोऱ्याला मिळत होता. ‘टाइम’चा तो अंक ज्येष्ठ काळा जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने स्वतः आणून ब्रुबेकच्या हातात ठेवला, तेव्हा तो मान आधी एलिंग्टनचा होता या जाणिवेने ब्रुबेक ओशाळला. दुसरी बाजूही सांगायला हवी. राइट काळा होता. १९६०च्या आरंभी दक्षिणेतल्या पंचवीस कार्यक्रमांपैकी तेवीस ठिकाणांनी राइटऐवजी गोरा बेसवादक आणा म्हटलं. ब्रुबेकने ते तेवीस कार्यक्रम सोडले. यामुळे त्याचे कॉर्ड हलके होत नाहीत. पण माणसाबद्दल बोलायचं तर हे आधी बोलावं.

प्रश्न : ‘टेक फाइव्ह’चे पैसे आता कुणाला जातात? — वाचक, जळगाव

उत्तर : अमेरिकन रेड क्रॉसला. डेझमंड १९७७मध्ये गेला. मृत्युपत्रात त्याने मानधनाचे हक्क त्यांना दिले.

प्रश्न : ‘कॅथीज वॉल्ट्झ’ कुठे ‘सी’ने लिहितात, कुठे ‘के’ने. दोन वेगळ्या रचना आहेत का? — वाचक, ठाणे

उत्तर : एकच. ब्रुबेकच्या मुलीचं नाव ‘सी’ने, मूळ वेष्टनावर ‘के’ छापलं गेलं आणि तेच चिकटलं. ऐकताना नावापेक्षा एका गोष्टीकडे लक्ष द्या : तळाशी वॉल्ट्झच्या तीन मात्रा चालू असताना पियानो वरून चारचा भास उभा करतो. ‘टाइम आउट’मधला सर्वांत अवघड खेळ तो आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

प्रश्न : जुनी एलपी मिळतेय. पहिली आवृत्ती आहे असं दुकानदार म्हणतो. कसं ओळखायचं? आणि मोनो घ्यावी की स्टिरिओ? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी क्रमांक पाहा. मोनो असेल तर सीएल १३९७, स्टिरिओ असेल तर सीएस ८१९२. पण हे क्रमांक पुढच्या अनेक वर्षांच्या प्रतींवरही आहेत, त्यामुळे एवढ्याने पहिली आवृत्ती ठरत नाही. मधला कागदी गोल पाहा. सुरुवातीच्या प्रतींवर कडेला कोलंबियाची डोळ्याच्या आकाराची सहा चिन्हं असतात : डावीकडे तीन, उजवीकडे तीन. १९६२च्या सुमारास ही सहा गेली आणि दोन डोळ्यांचा लाल गोल आला. त्याच्या स्टिरिओ प्रतींवर ‘३६० साउंड’ लिहिलेलं असतं. कडेने ‘कोलंबिया’ हा शब्द गोलाकार छापलेला असेल तर प्रत १९७०नंतरची. मग तबकडी उजेडात तिरकी धरा आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक वाचा : मोनोचा एक्सएलपीने सुरू होतो, स्टिरिओचा एक्सएसएमने. गोल एक सांगतो आणि कोरलेला क्रमांक दुसरं, असं दिसलं तर व्यवहार थांबवा. वेष्टन आणि तबकडी वेगवेगळ्या प्रतींतून जुळवलेलीही असतात. दोन्हींवरचा क्रमांक ताडून पाहावा.

खराबी कुठे शोधायची? पहिल्या बाजूच्या शेवटी. ‘टेक फाइव्ह’ तिथे, आतल्या वळणांवर आहे. तबकडीच्या केंद्राजवळ सुई सेकंदाला कमी लांबीची खाच वाचते, त्यामुळे घासाघीस आधी तिथेच ऐकू येते, आणि हीच रचना सगळ्यांनी सर्वांत जास्त वाजवलेली असते. दुकानात ‘ब्लू रोंडो’ लावून खूश होऊ नका. सुई थेट तिसऱ्या रचनेवर ठेवा आणि सॅक्सोफोनचे चढे सूर ऐका : कडेला खरखर असेल तर खाच झिजली आहे, धुऊन जाणार नाही. नुसते टक्-टक् आवाज असतील तर ती बहुधा धूळ असते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुतली तर बरीच निघते. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. मधला कागद भिजू देऊ नका.

मोनो-स्टिरिओत आम्ही स्टिरिओच्या बाजूने आहोत. या रेकॉर्डचा निम्मा आनंद त्या चर्चच्या खोलीत आहे आणि मोनोत ती खोली लहान होते. मोनो घेतलीच तर ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबून वाजवा, खरखर कमी होते. संग्रहासाठी नाही, नुसतं ऐकायला हवं असेल तर पन्नास वर्षांच्या निमित्ताने निघालेला लेगसी एडिशनचा सीडी-संच घ्या. त्यात न्यूपोर्ट महोत्सवातली १९६१, १९६३ आणि १९६४ची वादनं जोडलेली आहेत.